ड्रोन आणि परवडणारे कॅमेरे: नागपुरात चांगलं चित्र मिळवायचं कसं

खोक्यावरचं ‘फोर-के’ हे फक्त चित्राचं माप आहे. आडवे ३८४०, उभे २१६० ठिपके, एवढंच ते सांगतं. त्या ठिपक्यांत किती रंग मावले, उन्हातलं आभाळ आणि झाडाखालची सावली दोन्ही टिकली का, पानं पानांसारखी दिसतात की हिरवा लगदा होतो, याचं उत्तर खोक्यावर नसतं. म्हणून एकाच फोर-केचे दोन ड्रोन शेजारी शेजारी उडवले तरी एकाचं चित्र सिनेमासारखं वाटतं आणि दुसऱ्याचं लग्नाच्या व्हिडिओसारखं. यात यंत्राचा वाटा असतो, पण शटर, फिल्टर, वेळ आणि जमिनीवरच्या कॅमेऱ्याशी रंगाची जुळणी यांचा वाटा त्याहून मोठा. हा लेख नागपूर आणि आसपास शॉर्टफिल्म, माहितीपट किंवा गाण्याचा व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आहे. बजेट बेताचं आहे आणि सगळं काम दोन-तीन माणसांत भागवायचं आहे, असं धरून पुढचं वाचा.

आकडे वाचायचे कसे

पहिला आकडा सेन्सरचा, म्हणजे उजेड झेलणाऱ्या चिपचा. डीजेआय मिनी २ सारख्या ड्रोनमध्ये १/२.३ इंचाचा सेन्सर असतो, त्याचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर. मिनी ३, मिनी ३ प्रो, मिनी ४ प्रो आणि एअर ३ मध्ये १/१.३ इंचाचा, म्हणजे ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास. एअर २ एस मध्ये एक इंची, ११६ चौरस मिलिमीटर. मॅविक ३ मध्ये फोर-थर्ड्स, सुमारे २२५. आता जमिनीवरचा साधा एपीएस-सी (मधल्या मापाच्या सेन्सरचा) कॅमेरा घ्या: त्याचा सेन्सर ३३० ते ३७० च्या दरम्यान. म्हणजे छोट्या ड्रोनच्या तुलनेत बारा-तेरापट. संध्याकाळी सातनंतर ड्रोनचं चित्र का फुटतं आणि त्याच वेळी खाली ठेवलेला कॅमेरा का निभावतो, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

दुसरा आकडा बिटचा. ८ बिटमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटमध्ये १०२४. दुपारच्या साध्या शॉटमध्ये फरक डोळ्याला कळत नाही. एडिटला बसून आभाळ थोडं गडद करायला गेलात की कळतो. ८ बिटच्या आभाळात पट्टे उमटतात, १० बिटचं आभाळ सलग राहतं. मिनी २ आणि साधा मिनी ३ हे ८ बिटचे. मिनी ३ प्रो १० बिट देतो, पण एच.२६५ (फाइल दाबून साठवण्याची पद्धत) मध्ये डी-सिनेलाइक हे रंगप्रोफाइल निवडलं तरच. मिनी ४ प्रो आणि एअर ३ डी-लॉग एम या १० बिट प्रोफाइलसकट येतात; ‘लॉग’ म्हणजे नंतर रंग देता यावा म्हणून मुद्दाम फिकं ठेवलेलं चित्र.

तिसरा आकडा बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठतो त्याचा, आणि लोक नेमका हाच बघत नाहीत. तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला मेगाबिटमध्ये मोजतात; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी. जुना मिनी एसई २.७-के चित्र ४० एमबीपीएसवर साठवतो, मिनी २ आणि मिनी ३ फोर-के १०० वर, मिनी ४ प्रो आणि एअर २ एस १५० पर्यंत. स्थिर इमारत असेल तर ४० पुरतात. पण पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेतावरून पुढे सरकताना प्रत्येक पान हलत असतं, कोडेकला (चित्र दाबून साठवणाऱ्या यंत्रणेला) प्रत्येक फ्रेम जवळजवळ नव्याने लिहावी लागते, आणि कमी बिटरेटवर तो पानं एकमेकांत मिसळून टाकतो. ड्रोन घेण्याआधी किंवा भाड्याने आणल्यावर चाचणी हीच करा: दाट कडुनिंब किंवा तुरीच्या शेतावर दहा मीटर उंची, हळूहळू पुढे, एक मिनिट. मग संगणकावर शंभर टक्के मोठं करून बघा. मोबाइलच्या पडद्यावर सगळेच ड्रोन छान दिसतात.

१०० एमबीपीएस म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात साधारण ८५ मिनिटं. कार्ड व्ही ३० खुणेचं घ्या. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी, म्हणजे २४० एमबीपीएस सलग लिहिण्याची हमी. या सगळ्या ड्रोनना ते पुरेसं आहे. व्ही ९० वर खर्च करण्यात अर्थ नाही.

आधी जमिनीवरचा कॅमेरा, मग ड्रोन

हिशेब साधा आहे. वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये ड्रोनचे शॉट सगळे मिळून मिनिट-दीड मिनिट असावेत. त्याहून जास्त झाले की प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो. उरलेली साडेअठरा मिनिटं जमिनीवरच्या कॅमेऱ्याची. तरी नव्या टीमचा निम्मा पैसा ड्रोनवर जातो आणि मग संवाद मोबाइलवर शूट होतात. आमचं मत स्पष्ट आहे: कॅमेरा, एक चांगली लेन्स, ट्रायपॉड आणि माइक विकत घ्या, ड्रोन पायलटसकट दिवसाच्या भाड्याने आणा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनापुरती सूट आहे, फिल्मवाल्यांना नाही. त्यामुळे बाजारात जो ड्रोन मिळतो त्याची वॉरंटी, दुरुस्ती आणि कागद हे सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. बिल मिळत नसेल तर घेऊ नका.

कॅमेऱ्यांमध्ये आज परवडणाऱ्या गटात हे काही विचार करण्याजोगे:

सोनी झेडव्ही-ई१०. एपीएस-सी सेन्सर, फोकस भरवशाचा, लेन्सचा बाजार मोठा. २४ आणि २५ फ्रेमला सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो, ३० फ्रेमला चित्र १.२३ पट कापतो. म्हणून यावर २५ लाच राहा. उणिवा तीन. एक, रोलिंग शटर जोरात आहे, कॅमेरा झटक्यात फिरवला की खांब तिरपे होतात. दोन, शरीरात स्थिरीकरण नाही. तीन, फोर-के ८ बिटच आहे, त्यामुळे एस-लॉग ३ वापरायच्या फंदात पडू नका, आभाळात पट्टे येतील. सिने प्रोफाइल किंवा एचएलजी पुरे. त्याचा पुढचा अवतार झेडव्ही-ई१० मार्क २ हा १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त जपणारा साचा) देतो आणि मोठी बॅटरी घेतो. बजेट ताणता येत असेल तर तो घ्या.

कॅनन आर ५०. ६-के वाचून फोर-के बनवतो, काटछाट नाही, त्वचेचा रंग काही न करता सुंदर येतो. लेन्स मात्र कमी आणि महाग. कॅननचे जुने एम ५० किंवा २०० डी मार्क २ स्वस्तात मिळतात, पण त्यांचं फोर-के कापलेलं असतं आणि त्यात ड्युअल पिक्सेल फोकस चालत नाही. त्यांच्यावर फुल एचडीच शूट करा.

पॅनासॉनिक जीएच ५ हा २०१७ चा आहे, तरी जुन्या बाजारात घेण्यासारखा. १० बिट ४:२:२ कार्डावरच, शरीरात स्थिरीकरण, रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही. ऑटोफोकस मात्र श्वास घेतल्यासारखा मागेपुढे होतो, म्हणून हाताने फोकस करणाराच माणूस हवा. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४-के चं चित्र या सगळ्यांत सर्वांत जास्त ताणता येतं, सोबत डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओचा परवाना येतो. पण एलपी-ई६ बॅटऱ्या तो भराभर संपवतो, सलग ऑटोफोकस नाही, स्थिरीकरण नाही. दोघांच्या टीमला तो झेपत नाही, पाच जणांच्या टीमला वरदान आहे.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुना कॅमेरा घेताना दुकानातच तीन गोष्टी करा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ आणि बुरशी काळ्या ठिपक्यांत दिसते. लेन्सची टोपी लावून, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० वर दहा सेकंद व्हिडिओ घ्या, जळालेले पिक्सेल चमकतात. आणि फोर-के सलग वीस मिनिटं चालू ठेवा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. तापून बंद पडणारा कॅमेरा इथेच उघडा पडतो.

लेन्स: एपीएस-सी वर १६ मिलिमीटर, एफ १.४ ची सिग्मा. ती फुलफ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) २४ मिलिमीटरसारखी दिसते, आणि बहुतेक छोट्या ड्रोनची लेन्सही तेवढीच आहे. ड्रोनचा शॉट संपून खालचा सुरू होतो तेव्हा दृष्टिकोन उडी मारत नाही. चेहऱ्यांसाठी ३० मिलिमीटर एफ १.४.

कुठे उडवता येतं, कुठे नाही

ही गोष्ट लोकेशन ठरवण्याआधी बघायची, ठरवल्यावर नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. त्याच्या आत परवानगीशिवाय उड्डाण नाही.

आता नागपूरचा नकाशा समोर ठेवा. सोनेगावचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराला अगदी लागून आहे. बर्डी, अंबाझरी, फुटाळा हे सगळं ८ किलोमीटरच्या आत येतं. वर्धा रोडवरचा मेट्रोचा दुमजली उड्डाणपूल प्रत्येकाला वरून हवा असतो, आणि तो नेमका विमानतळाच्या दारात आहे. याशिवाय वायुसेना नगर, सीताबर्डीचा किल्ला, कामठीची छावणी ही लष्करी ठिकाणं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा बंदोबस्त आणखी कडक. तेव्हा शहरातले ‘उंचावरचे’ शॉट ड्रोनने घ्यायचा नाद सोडा, ओळखीच्या उंच इमारतीच्या गच्चीवरून ट्रायपॉडवर घ्या. ५० मिलिमीटर लेन्सने, संध्याकाळी, सावकाश पॅन केलेला (आडवा फिरवलेला) तो शॉट ड्रोनपेक्षा स्थिर आणि स्वच्छ येतो.

ड्रोनसाठी शहराबाहेर पडा. काटोल, नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा, रामटेकजवळचा खिंडसी तलाव, आंभोऱ्याला वैनगंगेवरचा पूल. तिथेही तीन फाटे: पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पात वनविभागाच्या परवानगीशिवाय अजिबात नाही, संरक्षित स्मारकांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि मारबतीची मिरवणूक किंवा यात्रेसारख्या गर्दीच्या डोक्यावरून उडवायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-क्षेत्रांचा नकाशा पुन्हा बघा, क्षेत्रं बदलतात. स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. गावात पोलीसपाटलाला सांगितलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवणाऱ्याला लागतं. भाड्याच्या पायलटकडे ते आहे का, विचारा. आणि लक्षात ठेवा, मिनी ३ प्रोला मोठी ‘प्लस’ बॅटरी लावली की तो २५० ग्रॅम ओलांडतो आणि नॅनो राहत नाही. क्षेत्रांचे नियम नॅनोलाही तेवढेच लागू आहेत.

शटर, फ्रेम आणि एनडी फिल्टर

चित्र सिनेमासारखं न दिसण्याचं सर्वांत मोठं कारण हे. शांतपणे वाचा.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंदावर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दोन पूर्ण लुकलुका मावतात आणि चित्र स्थिर राहतं. ३० फ्रेम आणि १/६० ही जोडी अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी आहे. ती इथे वापरली की किराणा दुकानात किंवा बसस्थानकावर चित्रात काळसर पट्टे वर-खाली सरकतात, आणि एडिटमध्ये ते सहज जात नाहीत. तेव्हा कॅमेऱ्याची सेटिंग एनटीएससी (६० हर्ट्झवाली) वरून पाल (५० हर्ट्झवाली) पद्धतीवर न्या, ड्रोनमध्येही २५ निवडा, दोन्हीकडे १/५०. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम, १/१००.

आता अडचण. उन्हात १/५० ठेवलं की चित्र पांढरंफटक होतं. आयएसओ १०० वर, लख्ख उन्हात, एफ २.८ ची लेन्स १/३२०० च्या आसपास शटर मागते. एफ १.७ वाले ड्रोन १/८००० च्याही पुढे जातात. छोट्या ड्रोनचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, त्यामुळे प्रकाश अडवायला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची करडी काच, हाच मार्ग. हिशेब असा: एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा; १/३२०० वरून १/५० वर यायला सहा स्टॉप, म्हणजे एनडी ६४. एफ १.७ ला साडेसात स्टॉप, म्हणजे एनडी १२८ ते २५६ च्या मध्ये कुठेतरी. मिनी ३ प्रो, मिनी ४ प्रो साठी १६, ६४, २५६ असा संच ठेवा. मिनी २ किंवा एअर २ एस साठी ८, १६, ३२, ६४.

सूर्योदयानंतरच्या तासाभरात प्रकाश दोन-तीन स्टॉप कमी असतो. तेव्हा एफ २.८ ला एनडी ८ किंवा १६, एफ १.७ ला ३२ च्या आसपास, म्हणजे वरच्या संचातला १६ किंवा ६४. आषाढातल्या ढगाळ दुपारीही साधारण हेच. संधिप्रकाशात फिल्टर काढून टाका.

फिल्टर बसवण्याचा क्रम चुकवू नका. ड्रोन बंद असताना, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा जोड) बोटाने अलगद धरून फिल्टर बसवा, मग चालू करा. चालू झाल्यावर गिंबल स्वतःचा तोल तपासतो, तेव्हा फिल्टरचं वजन त्याच्या हिशेबात यायला हवं. चालू ड्रोनवर फिल्टर ढकलला तर क्षितिज तिरपं येतं किंवा गिंबलची मोटर जास्त भाराची सूचना देते. अनोळखी, जाड काचेचे फिल्टर मिनी गटाला लावू नका.

घाईत बहुतेक शॉट एनडीशिवाय १/२००० वर घेतले जातात, आणि मग हालचाल तुटक वाटते, बैलगाडीची चाकं आणि पाण्याच्या लाटा थरथरतात. अपवाद एकच: अगदी उंचावरून, ज्यात काहीच हलत नाही असा शॉट. तिथे शटरचा फरक दिसत नाही, एनडी नसला तरी चालेल.

जमिनीवरच्या कॅमेऱ्याला व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण स्वस्तातला शेवटच्या टोकाला फिरवला की चित्रावर काळी फुली येते. त्याच्या मधल्या पल्ल्यातच राहा. वेगवेगळ्या मापाच्या लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या मापाचा, म्हणजे १६ मिलिमीटर सिग्मासाठी ६७ मिलिमीटरचा, एकच चांगला घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग लावा.

उरलेल्या सेटिंग पटकन. एक्सपोजर हाताने लॉक. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर लॉक. ऑटो ठेवलं तर ड्रोन हिरव्या शेतावरून तपकिरी मातीवर जाताच शॉटच्या मध्येच रंग बदलतो, हे सर्वांत जास्त वेळा होणारं आणि सर्वांत सहज टळणारं नुकसान. ज्या ड्रोनमध्ये शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन कमी करता येतं तिथे दोन्ही उणे एक. आयएसओची मर्यादा: १/२.३ इंची सेन्सरवर ४००, १/१.३ इंचीवर ८००. त्यापुढे जायची वेळ आली तर उडवूच नका.

ऊन, धूळ, बॅटरी

नागपूरचा मे ४५ अंशांच्या पार जातो. डीजेआयच्या छोट्या ड्रोनची कामाची मर्यादा ४० अंश आहे. नवतपात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) दुपारी उडवलं तर बॅटरी फुगते, मोटर तापते, मोबाइल स्वतःच अंधारतो किंवा अ‍ॅप बंद पडतं. शिवाय २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा १७ जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. वरून पाहिलेलं शेत तेव्हा रंगीत सतरंजीसारखं सपाट दिसतं, कारण खोली दाखवणारी सावलीच नसते. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात, एवढंच ड्रोनचं काम. हिवाळ्यात सकाळी सातला उजेड कोवळा असतो, पण धुकं आणि दंव असतं. लेन्सवर बाष्प बसतं, म्हणून ड्रोन गाडीतून काढून दहा मिनिटं उघड्यावर ठेवा, मग काच पुसा.

बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका. थर्माकोलचा कोरडा डबा न्या, बर्फ घालू नका, ओल धरते. उतरवलेली बॅटरी गरम असते, ती हाताला थंड लागेपर्यंत चार्जला लावायची नाही. अर्ध्या तासाचा दावा असला तरी प्रत्यक्ष कामाची वीस मिनिटं धरा आणि ३० टक्क्यांवर परत वळा. परतीला समोरून वारा असेल तर तोच साठा कामी येतो. एका सकाळच्या शूटला तीन बॅटऱ्या पुरतात. काम नसताना त्या अर्ध्या भरलेल्या ठेवा.

ड्रोन चालू करून जमिनीवर ठेवत गप्पा मारणं बंद करा. हवेत असताना वाऱ्याने तो थंड होतो, खाली स्थिर असताना दहा मिनिटांत तापतो. उडवताना सतरंजी किंवा लँडिंग पॅड अंथरा. काळ्या मातीची धूळ गिंबलच्या सांध्यात गेली की तो चिकटतो. कॅमेऱ्यावर पांढऱ्या, कोरड्या कापडाचा तुकडा पांघरा, स्क्रीन शरीरापासून उघडून बाहेर ठेवा, आणि सोनीमध्ये तापमानानुसार बंद होण्याची सेटिंग ‘हाय’वर न्या.

उडवणं

नवे पायलट वर जातात, जाणते खाली राहतात. २४ मिलिमीटरच्या लेन्समधून १०० मीटरवरचा माणूस फोर-के चित्रात जेमतेम ४५ ठिपक्यांचा दिसतो, २० मीटरवरचा सव्वादोनशेच्या आसपास. पात्र दाखवायचं असेल तर ५ ते २५ मीटरमध्ये काम करा. १०० मीटरचा शॉट फिल्ममध्ये एक पुरे.

वेगाची अटकळ अशी: एखादी वस्तू चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद लागले पाहिजेत. २५ फ्रेमवर त्याहून जलद पॅन केलं की खांब आणि झाडं उडी मारत जातात. छोट्या ड्रोनसाठी हे सेकंदाला दहा अंश होतं. अ‍ॅपमध्ये सिने मोड घ्या, वळण्याचा आणि गिंबलचा वेग कमी करा, गुळगुळीतपणाची सेटिंग वाढवा. एका वेळी एकच हालचाल, जास्तीत जास्त दोन. पुढे जाताना वळत, वर चढत, गिंबल वाकवत असा चौरंगी शॉट कापला जातोच. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर पाच सेकंद स्थिर राहा, एडिटरचं डोकं शांत राहील.

संत्र्याच्या बागेवर किंवा कौलारू छपरांवर सरळ वरून बघताना ओळींमध्ये रंगीत लहरी नाचतात. उंची पाच-दहा मीटर बदला किंवा ओळींना तिरके जा, लहरी जातात. खिंडसीच्या पाण्यावर झगमग मारत असेल तर पोलरायझर असलेला एनडी लावा, पण दिशा बदलली की त्याचा परिणामही बदलतो. त्या फिल्टरवर गोल फेऱ्या मारू नका, सरळ रेषेत जा.

ड्रोन आपोआप परत येतो त्याची (रिटर्न टू होम) उंची सर्वांत उंच झाड किंवा विजेच्या तारेपेक्षा पंधरा मीटर जास्त ठेवा. लोखंडी पुलावरून किंवा गाडीच्या टपावरून उड्डाण करू नका, होकायंत्र फसतं. आंभोऱ्याला हे विशेष लक्षात ठेवा: पुलाच्या केबल ड्रोनच्या सेन्सरला दिसतीलच असं नाही.

दोन कॅमेरे, एक रंग

उड्डाणाआधी ड्रोन हातात धरून समोर करड्या रंगाचं कार्ड पाच सेकंद रेकॉर्ड करा. त्याच उन्हात, तेच कार्ड जमिनीवरच्या कॅमेऱ्यानेही. पुढे सगळं यावर उभं राहतं.

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती यातल्या बहुतेक कामाला पुरते. क्लिप आत घेण्याआधी प्रकल्पाचा फ्रेमरेट २५ करा, नंतर तो बदलता येत नाही. कुणी ३० वर शूट करून आणलं असेल तर ते २५ मध्ये झटके देतं. ५० वाली क्लिप मात्र क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये २५ केली की गुळगुळीत निम्म्या वेगाची होते. एच.२६५ वर लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी (कामापुरती हलकी नक्कल) बनवा, मूळ फाइलशी भांडत बसू नका.

रंगाचा क्रम: एका नोडवर (रंगसुधारणेच्या एका टप्प्यावर) डी-लॉग एम चं डीजेआयने दिलेलं लट (रंग बदलणारा तयार तक्ता) लावून रेक ७०९ मध्ये, म्हणजे टीव्हीच्या नेहमीच्या रंगांत आणा. जमिनीवरच्या कॅमेऱ्याचं लॉग असेल तर कलर स्पेस ट्रान्सफॉर्मने. लटच्या आधी एक नोड घालून एक्सपोजर तिथे सुधारा, नंतर सुधारलं तर उडालेलं आभाळ परत येत नाही. मग करडं कार्ड दोन्हीकडे परेडवर (लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणाऱ्या आलेखावर) सारखं करा: तिन्ही रंगांच्या रेषा एका उंचीवर. यानंतरही ड्रोनचा हिरवा जास्त पिवळट दिसेल, तो ‘ह्यू व्हर्सेस ह्यू’ (एकच रंग बदलण्याच्या) साधनात थोडा मागे घ्या. आणि ड्रोनचं चित्र जमिनीवरच्यापेक्षा टोकदार वाटतं, त्यावर अगदी हलका ब्लर द्या. लांबवरचा राखी धुरकटपणा, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूने तो नेहमीचा आहे, पूर्ण पुसू नका. थोडा राहू दिला की खोली दिसते.

बिघाड ओळखणं

चित्र जेलीसारखं थरथरतं: प्रोपेलरला टवका गेलाय किंवा गिंबलचं रबर निघालंय. पाती नेहमी जोडीने बदला, एकच बदललं तर कंप वाढतो. क्षितिज तिरपं: समतल जागी गिंबल कॅलिब्रेशन, नाही सुधारलं तर अ‍ॅपमधली हाताची दुरुस्ती. चित्र मध्येच धूसर: उन्हातून सावलीत आल्यावर फिल्टर आणि लेन्सच्या मध्ये बाष्प. फाइल उघडत नाही: रेकॉर्डिंग थांबवण्याआधी ड्रोन बंद केला. ती फाइल कार्डावरून हलवू नका, कार्ड पुन्हा त्याच ड्रोनमध्ये घालून चालू करा, बरेच ड्रोन अर्धवट फाइल स्वतः दुरुस्त करतात. क्लिप चार-चार जीबीच्या तुकड्यांत: मोठी फाइल मुद्दाम तोडली जाते, बिघाड नाही, टाइमलाइनवर सलग ठेवा.

ड्रोनचा आवाज चित्रात कधीच वापरता येत नाही, बहुतेक ड्रोन तो टिपतही नाहीत. म्हणून उड्डाण संपल्यावर त्याच जागी, ड्रोन बंद करून, माइकवर दोन मिनिटं नुसता परिसर टिपा: पंप, बगळे, लांबचा ट्रॅक्टर. नंतर तोच वरच्या शॉटखाली घालायचा.

घरी पोचल्यावर कार्ड आधी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन्हीकडून एकेक क्लिप चालवून बघा, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, संगणकावर नाही. शेवटचं एक्सपोर्ट एच.२६४, २५ फ्रेम, फोर-के ला ६० ते ८० एमबीपीएस. फिल्म फुल एचडीमध्ये बनवली असली तरी यूट्यूबसाठी फोर-के मापातच बाहेर काढा, तिथे मोठ्या मापाच्या फाइलला जास्त बिटरेट मिळतो आणि तुरीच्या शेतातली पानं शाबूत राहतात.